‘ब्लीच’मधील आयझेन हा कपटी खलनायक प्रेक्षकांना इतका का आवडतो?

ज्याला दुःखद भूतकाळ नाही, ज्याच्यावर कोणी अन्याय केल्याचे कथेत कोठे दिसत नाही, अशा ‘ब्लीच’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतील सोसुके आयझेनची प्रेक्षकांना एवढी ओढ का वाटते, असे आपण विचारले आहे. उत्तर देताना कथेतील रहस्ये उघड करणे भाग आहे. त्यामुळे ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

आयझेन हा शिनिगामींचा, म्हणजे मृत्युदेवतांचा, एक कप्तान. त्याचे सामर्थ्य त्याच्या तलवारीत, म्हणजे क्योका सुईगेत्सुमध्ये आहे, असे बहुतेक जण सांगतात. तिची शक्ती जागृत होताना ज्याने एकदा पाहिली, त्याची पाचही ज्ञानेंद्रिये आयझेनच्या ताब्यात जातात. ही कल्पना प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु केवळ तिच्यामुळे तो आवडला असता असे मला वाटत नाही. ज्याला काहीही भासवता येते असा खलनायक लिहिणे लेखकाच्या दृष्टीने फार सोयीचे असते आणि प्रेक्षकाला लवकरच कंटाळवाणे होते. आयझेनचे खरे कसब असे की, त्याचा डाव इतरांच्या दोषांवर चालत नाही, त्यांच्या सद्गुणांवर चालतो.

रुकिया या शिनिगामीच्या देहदंडाचे प्रकरण पाहा. तिने इचिगो या मानवाला, म्हणजे कथेच्या नायकाला, शिनिगामीची शक्ती दिली, हा अपराध असला तरी त्यासाठी झालेली शिक्षा विलक्षण कठोर होती आणि तिची तारीखही पुन्हापुन्हा अलीकडे आणली जात होती. उकिताकेसारख्या जुन्या कप्तानाला हे खटकते. तरीही यंत्रणा थांबत नाही, कारण आदेश ‘सेंट्रल ४६’ या सर्वोच्च न्यायमंडळाच्या नावाने येत असतात. ४० विद्वान आणि ६ न्यायाधीश असलेले हे संपूर्ण मंडळ आयझेनने आधीच कापून काढलेले असते. हित्सुगाया हा आणखी एक कप्तान बंद सभागृहात शिरतो तेव्हा त्याला वाळलेल्या रक्तात पडलेली प्रेते दिसतात, आणि इतके दिवस आपण कोणाचे हुकूम पाळत होतो हा प्रश्न त्याच्याबरोबर आपल्यालाही पडतो. ते सभागृह जिवंत असल्याचा भास संमोहनाने निर्माण करता येतो. पण वरून आलेला हुकूम शंका न घेता अमलात आणण्याची सवय संमोहनाने लागत नाही, ती सोल सोसायटीत, म्हणजे शिनिगामींच्या जगात, आधीपासूनच होती. ब्याकुया या कप्तानाने आईवडिलांच्या समाधीपुढे कायदा न मोडण्याची शपथ घेतलेली असते, आणि तेवढ्यासाठी तो स्वतःच्या मानलेल्या बहिणीचा, म्हणजे रुकियाचा, मृत्यू पत्करायला तयार होतो. त्याला फसवण्यासाठी आयझेनला वेगळे काहीही करावे लागत नाही.

आयझेनची उपकप्तान हिनामोरी हिच्या बाबतीत हेच तंत्र अधिक क्रूर होते. कप्तानावर तिची जी निस्सीम भक्ती आहे, तिलाच तो हत्यार बनवतो: स्वतःचा खून झाल्याचे भासवतो आणि मागे ठेवलेल्या पत्रात हित्सुगायाला, म्हणजे तिच्या बालमित्राला, खुनी ठरवतो. अक्षर आपल्या कप्तानाचे आहे एवढे तिला पुरेसे वाटते. गंमत अशी की, या साऱ्या काळात आपल्याही संशयाची सुई गिन इचिमारू या दुसऱ्या कप्तानाकडे वळलेली असते, कारण डोळे मिटून हसणारा, दिसताक्षणी खलनायक वाटणारा माणूस लेखकाने मुद्दाम समोर उभा केलेला आहे. चष्मा घातलेल्या, मवाळ बोलणाऱ्या कप्तानाकडे कोण पाहणार?

याहून मोठे धाडस म्हणजे, या देहदंडामागे कोणा एकाचीच इच्छा असावी, ही शक्यता रुकियाचा बालमित्र रेंजी याच्यासमोर प्रथम मांडतो तो स्वतः आयझेनच. साठाव्या भागाच्या सुमारास सत्य बाहेर येते तेव्हा प्रेक्षकाला फसवल्याचा राग येत नाही, कारण त्याच्यापासून काही चोरून ठेवलेले नव्हते. मागे जाऊन ते प्रसंग पुन्हा पाहिले तर प्रत्येक वाक्याला दुसरा अर्थ लागतो. माझ्या मते कारस्थानी पात्राच्या लोकप्रियतेचे रहस्य या दुसऱ्यांदा पाहण्यात आहे. निव्वळ बलवान खलनायकाला ते भाग्य लाभत नाही.

चष्मा चिरडून केस मागे सारण्याचा तो प्रसिद्ध क्षण आणि त्याला आवाज देणारे कलाकार शो हायामी यांचा खालच्या पट्टीतील, कधीही न चढणारा आवाज यांचाही वाटा आहेच, पण त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

दुःखद भूतकाळाविषयी म्हणाल, तर त्याचा अभाव आयझेनच्या पथ्यावरच पडला. त्याची कीव करण्याची सोय लेखकाने ठेवलेली नाही. अखेरच्या लढतीनंतर इचिगो एवढेच सांगतो की, तलवारीला तलवार भिडली तेव्हा त्याला समोर फक्त एकटेपणा जाणवला. आयझेन मात्र स्वतः त्याची कबुली देत नाही, आणि तेवढी संदिग्धता मला योग्य वाटते.

तथापि, पुढील भागांतील आयझेन मला तितकासा पटत नाही. इचिगोची आजवरची प्रत्येक लढाई आपल्याच योजनेचा भाग होती, असे तो सांगतो, तेव्हा ते केवळ त्याचे म्हणणे राहते. आधीच्या प्रसंगांत त्याच्या खुणा शोधून सापडत नाहीत. हित्सुगाया आयझेन समजून हिनामोरीलाच तलवार खुपसतो, तो प्रसंग जुन्या आयझेनला शोभणारा आहे, पण असे प्रसंग थोडे. होग्योकू या मण्यामुळे त्याची रूपे पालटू लागतात आणि बुद्धीची जागा बळ घेते.

त्या टप्प्यात खरा डाव खेळतो तो गिन. आयझेनच्या तलवारीच्या पात्याला आधीच स्पर्श केला तर संमोहन लागत नाही, एवढी एक गोष्ट काढून घेण्यासाठी तो शंभराहून अधिक वर्षे आयझेनच्या सेवेत घालवतो. गिन आपल्या जिवावर उठला आहे हे आयझेनला ठाऊक असते, तरीही कुतूहलापोटी तो त्याला जवळ ठेवतो आणि घाव बसतोच. त्यानंतर आयझेन वाचतो हे खरे. पण त्याला वाचवतो तो मणी, त्याची योजना नव्हे, म्हणून त्या पुढचा आयझेन मी फारशा उत्सुकतेने पाहत नाही.