सोयऱ्यांना दाखवायचा हिरा

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वाळूजला कटिंग टूल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस आहे. आम्ही सोयऱ्यांत ‘हिऱ्याच्या कंपनीत आहे’ असं सांगत होतो. दिवाळीला पाहुणे म्हणाले, हिरा दाखव. त्याने पिशवीतून बाद झालेली लोखंडी कांडी काढली, टोकाला काळपट खडा. सगळे हसले. नकली हिरे घासण्यात काय भविष्य? सुरतेला रत्नपारखीच्या कोर्सला घालावं की एमपीएससीला बसवावं? फीसाठी अर्धा एकर विकायची तयारी आहे.
– एक वडील, परतूर

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात सोयरे आहेत, पाहुणे आहेत, अर्धा एकर आहे. पोराला तिथं काय वाटतं, यावर एक ओळ नाही. मला काळजी वाटते ती याची. जमीन शिक्षणासाठी विकतोय असं तुम्हाला वाटतंय, पण चारचौघांत खाली गेलेली मान वर करायला तुम्ही ती काढताय. आणि ते हसं पोरानं केलं का? त्यानं जे काम करतो ते हौसेनं आणून दाखवलं. ‘हिऱ्याची कंपनी’ ही बढाई तुमची होती. त्या रात्री तो जेवला का, काही बोलला का, हे तरी पाहिलंत?

आता ‘नकली’चं. ती कांडी म्हणजे डायमंड ड्रेसर असणार. ग्राइंडिंग व्हील, म्हणजे धातू घासायचं चाक, गुळगुळीत झालं, वेडंवाकडं झिजलं की त्यावर ड्रेसिंग मारतात, म्हणजे वरचा थर खरवडून ते पुन्हा सरळ आणि खरखरीत करतात, ते याच खड्यानं. तो खडा अस्सल हिरा असतो, दागिन्यातल्यासारखाच निव्वळ कार्बन. खाणीतून निघणारे पुष्कळ हिरे मळकट, भेगाळलेले असतात. ते अंगठीत जात नाहीत, हत्यारात जातात. आणि आज उद्योगात लागणारे बहुतेक हिरे कारखान्यातच बनतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं 1954 मध्ये ते जमवलं : हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि हजार अंशांच्या वर तापमान. दागिन्याच्या हिऱ्याचा भाव वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंवर ठरतो. हत्याराच्या हिऱ्याला रंग कोणी विचारत नाही. दाणा केवढा, घाव किती सोसतो आणि उष्णता किती झपाट्यानं वाहून नेतो, ते बघतात. उष्णता वाहून नेण्यात तर हिरा तांब्याच्या कितीतरी पुढे आहे. तरी तो सगळीकडे चालत नाही. ॲल्युमिनियम, काच, ग्रॅनाइट, कार्बाइड यांवर त्याला तोड नाही. पण पोलादावर, तापलं की लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं आणि धार बोथट होते. तिथं सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा कृत्रिम पदार्थ) वापरतात. कुठे काय लावायचं हे ज्याला कळतं त्याला टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवण्याच्या विभागात, मान असतो, आणि पोरगं ते शिकायच्या जागेवर आहे.

सुरतेचं म्हणाल, तर रत्नपारखी हा वाईट धंदा नाही. पण तो भिंग आणि ओळखीवर चालतो, आणि परतूरहून गेलेल्या पोराची तिथं ओळख कुणाशी? शिवाय प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचे भाव पडलेत, कारागिरांचं कामही कमी झालंय. एमपीएससीचं त्यानं स्वतः मागितलं तर बोलू. डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तो रस्ता उघडा आहे. टूल डिझाइनकडे वळायचं असेल तर संभाजीनगरातच इंडो-जर्मन टूल रूम आहे. प्रवेशाच्या अटी त्यानं स्वतः जाऊन विचाराव्यात.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारा : त्याला खरंच मशीनवर घेतात, की दिवसभर पेट्या उचलायला लावतात? अप्रेंटिसशिपची रीतसर नोंद झाली आहे का? ग्राइंडिंगवर मास्क-चष्मा मिळतो का? उत्तरं वाईट निघाली तर वर्कशॉप बदला, धंदा नको.

अर्धा एकर तूर्त राहू द्या. पुढचं पत्र पोराला लिहू द्या, तुम्ही न वाचता. आणि बायोडेटात सरळ ‘टूलरूममध्ये अप्रेंटिस’ असं लिहा.