काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र जोडणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीत व्यापारी जहाजाला वाटेत नांगर टाकून थांबता येतं का?

नाही. ऐन सामुद्रधुनीत थांबणं बंद आहे. इंजिन बंद पडलं, अशी काही आणीबाणी असेल तरच, आणि तेही लगेच वाहतूक नियंत्रण केंद्राला व्हीएचएफ रेडिओवर कळवून. पाळीची वाट बघणारी जहाजं बाहेर उभी राहतात. काळ्या समुद्राकडे जाणारी मार्माराच्या बाजूला, इस्तंबूलच्या अहिर्कापीसमोर. विमानातून तिथली ती गर्दी छान दिसते, म्हणे.

खरी गंमत कायद्यात आहे. 1936 च्या माँत्रो करारानुसार शांततेच्या काळात कोणत्याही देशाचं व्यापारी जहाज, कोणताही माल घेऊन, दिवसा किंवा रात्री मोकळेपणाने जाऊ शकतं. पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, घेणंही ऐच्छिक. पण 1936 मध्ये आजच्यासारखे अजस्र टँकर नव्हते. सर्वात अरुंद ठिकाणी पात्र जेमतेम 700 मीटर, काटकोनाच्या जवळ जाणारी वळणं आणि जोरदार प्रवाह. 1979 मध्ये दक्षिण तोंडाशी 'इंडिपेंडेंटा' हा रुमानियन टँकर एका ग्रीक मालवाहू जहाजाला धडकून पेटला, तो कित्येक दिवस जळत होता.

मग तुर्कस्तानने 1994 मध्ये स्वतःचे वाहतूक नियम केले: येण्याजाण्याच्या वेगळ्या मार्गिका, आगाऊ प्रवासयोजना, 10 नॉटची (ताशी साधारण 18.5 किलोमीटर) वेगमर्यादा, 200 मीटरपेक्षा लांब जहाजांना दिवसाउजेडी जाण्याची शिफारस. रशियाने करारावर बोट ठेवून यावर बरीच कुरकुर केली. माझ्या मते तुर्कांचंच बरोबर. दोन्ही काठांवर कोटीच्या वर वस्तीचं शहर आहे.

पायलट मात्र घ्याच.