कौलारू घरातलं बारसं: फोनवर फोटो काळपट आणि हललेले येतात, कॅमेरा घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की खानापूरकडच्या जुन्या घरात पुढच्या महिन्यात बारसं आहे, घरातले फोटो नेहमी काळपट आणि हललेले येतात, तर नवा कॅमेरा घ्यावा का. माझं मत: एवढ्यात घेऊ नका. कॅमेऱ्याचा मोठा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) कमी उजेडात थोडं सांभाळून घेतो, पण चेहऱ्यावर सावली असेल तर तोही सावलीच टिपणार. आधी माणसं कुठं बसवायची ते ठरवा.

आपल्याकडच्या कौलारू घरांत उजेड तीनच वाटांनी येतो: सोप्याचं दार, एखादी लहान खिडकी आणि छपरातलं काचेचं कौल. काचेच्या कौलाचा उजेड सरळ डोक्यावर पडतो. त्याखाली बाळाकडे वाकून बघणाऱ्या आईच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. अशा वेळी मांडीवर किंवा समोर जमिनीवर धुतलेलं पांढरं धोतर पसरा. त्यावरून उजेड वर परततो आणि चेहरा उजळतो. दाराचा घोटाळा वेगळा. माणूस दाराकडे पाठ करून बसला की फोन बाहेरचा लख्ख उजेड मोजतो आणि चेहरा काळा करतो. म्हणून बसणाऱ्यांची तोंडं दाराकडे हवीत आणि तुम्ही चौकटीच्या एका बाजूला उभे राहा, म्हणजे तुमचीच सावली पडणार नाही.

पाळणा माजघरात तुळईच्या कडीला बांधणार असाल तर विधी तिथंच होऊ द्या. पण बाळ-बाळंतिणीचे जपून ठेवायचे फोटो आधीच, बाळ जागं आणि पोट भरलेलं असताना, खिडकीपासून दोन-तीन हातांवर काढा. उजेड चेहऱ्यावर एका बाजूनं येऊ द्या, आणि तेवढ्यापुरते घरातले दिवे बंद करा. बाहेरचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा. दोन्ही मिसळले की एक गाल निळा, एक पिवळा दिसतो, आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही.

हललेल्या फोटोचं कारण बहुतेक वेळा हात नसून शटर असतं. उजेड कमी पडला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. प्रो मोड (शटर आपण स्वतः ठरवायची सोय) असेल तर शटर बसलेल्या माणसांना १/१२५ सेकंद, पळणाऱ्या पोरांना १/२५०, हळद उधळताना १/५०० ठेवा. आयएसओ (फोन उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ८०० ते १६०० पर्यंत गेला तरी चालेल. दाणेदार फोटो बघवतो, हललेला नाही. नाइट मोड मात्र बंद. तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन जोडतो, तेवढ्यात आत्यानं मान वळवली की तोंड पुसट झालंच.

एलईडीच्या दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. तिथं शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, आणि धावपळीचे फोटो दाराच्या उजेडात आणा.

अंगणात मांडव घालणार असाल तर कापडाचा रंग आत्ताच बघा. लाल-पिवळ्या कापडाखाली सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे येतात. पांढरं कापड मिळालं तर उत्तम, नाहीतर फोटोपुरते लोक मांडवाच्या उघड्या कडेला आणा. पावसाळी ढगाळ दिवस असला तर हिरमुसू नका. बाहेर ओसरीवर तोच सगळ्यात मऊ उजेड.

सगळ्या पाहुण्यांचा एकत्र फोटो जेवणाआधीच उरका. आज्जी-आजोबा खुर्च्यांवर, पोरं सतरंजीवर, बाकीचे मागं उभे. ०.५ची (खूप रुंद दाखवणारी) लेन्स वापरू नका, कडेची माणसं ताणली जातात. त्यापेक्षा चार पावलं मागं जा. पोर्ट्रेट मोडही नको, मागची रांग पुसट होते. फोन छातीच्या उंचीवर धरा आणि पाच-सहा फोटो लागोपाठ घ्या, कारण २५-३० जणांत कुणाचे तरी डोळे मिटतातच. एकट्याचा चेहरा टिपायचा असेल तर पाच-सहा फुटांवरून २एक्सनं (दुप्पट झूम). अगदी जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं.

जरीचं नऊवार किंवा पांढरी टोपी फटफटीत दिसत असेल तर स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. आणि सुरू करण्याआधी लेन्सवर फुंकर मारून मऊ सुती कापडानं पुसा. तेलाचा एक ठसा असला तरी दिव्याभोवती धुकं पसरतं.

फोटो पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला तर लहान होऊन जातो. ६×४ इंची चांगल्या प्रिंटला १८००×१२०० पिक्सेल पुरतात, पण भिंतीवर लावायला १८×१२ हवा असेल तर तेवढ्याच बारकाईसाठी ५४००×३६०० लागतील. तो मूळ फाइलवरूनच काढून घ्या.