लक्ष्यकिंमत पाहण्यापूर्वी
दलाल स्ट्रीटवरील विश्लेषकाचा अहवाल हाती आला की नवखा गुंतवणूकदार आधी लक्ष्यकिंमत (समभागाचा भाव कुठवर जाईल याचा विश्लेषकाचा अंदाज) पाहतो. तुम्ही मात्र त्याच विश्लेषकाने त्याच कंपनीविषयी मागील आठ-दहा तिमाहींत वर्तवलेले प्रति समभाग उत्पन्नाचे (एका समभागामागे येणाऱ्या नफ्याचे) आकडे काढून प्रत्यक्ष निकालांशेजारी मांडून पाहा. चूक कधी वर, कधी खाली होत असेल तर ती समजण्यासारखी आहे, पण अंदाज दरवेळी चढाच निघत असेल तर त्यावर विसंबू नये. भाव चढल्यावर मागाहून लक्ष्यकिंमत वाढवणाऱ्याला तर मी अंदाज बांधणारा मानतच नाही. बाजार नियामक ‘सेबी’च्या २०१४ च्या नियमांनुसार विश्लेषकाला त्या कंपनीतील आपले आर्थिक हितसंबंध अहवालात जाहीर करावे लागतात, बारीक टाइपातील तो मजकूर (बहुतेक जण वगळतात तोच) मी सर्वांत आधी वाचतो. ‘विका’ असा सल्ला त्याने पूर्वी कधी दिला होता का, हेही तपासावे.