जुन्या घरातल्या ओट्याला मार्बल लावावा की ग्रॅनाइट?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर आहे, त्याला पांढरा मार्बल शोभेल आणि काका म्हणतात, "नीट पुसत राहिलं तर काही होत नाही." काकांचं ते वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. होतं. नीट पुसलं तरी होतं.

इतवारीतलं आमचं सासरचं घर असंच. ओटा कडप्प्याचा होता. डागडुजी निघाली, देवघरासाठी मकराण्याचा मार्बल आला आणि मोठ्या दिरांनी ठरवलं की ओट्यालाही तोच बसवायचा. सासूबाई म्हणाल्या, "मले काळाच बरा." कुणी ऐकलं नाही. मग उन्हाळा लागला. कैऱ्यांचं लोणचं, पन्हं, वरणावर पिळायला लिंबू, देवाची तांब्याची भांडी घासायला चिंच, सगळं त्याच ओट्यावर. पाऊस लागेपर्यंत चकाकी गेली आणि जिथे जिथे पेला टेकला तिथे फिकट गोल उमटले. दीर पाहुण्यांदेखत म्हणाले, "आईला टापटीप जमतच नाही." जन्मभर ते स्वयंपाकघर लख्ख ठेवलेली बाई ती! एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लिंबू चिरायला मागच्या अंगणात मोरीच्या दगडावर जाऊन बसू लागल्या, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. आमच्या घरात हा विषय निघाला की आजही दोष त्यांच्यावरच येतो.

तो डाग नव्हताच. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की दगडाचा वरचा थरच विरघळतो, पॉलिश जातं, आणि तुम्ही फडकं घेईपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. दुकानदार सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव, लावून देतो म्हणेल. सीलरने हळद आणि तेल आत मुरायला वेळ लागतो, लिंबापुढे त्याचं काही चालत नाही. पुन्हा चकाकी हवी तर घासून पॉलिशच करावं लागतं, आणि ते गॅस, डबे हलवून कोण करणार?

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतं, लिंबू-चिंचेने त्याला काही होत नाही. रोज फोडणी पडणाऱ्या स्वयंपाकघरात माझं मत सरळ आहे: गडद ग्रॅनाइट, जाडी १८ ते २० मिलिमीटर. आंध्रातल्या चिमकुर्तीचा, ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा ब्लॅक गॅलेक्सी चांगला असतो. मात्र स्वस्त काळ्यात रंग मारलेला मालही येतो. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन चोळा, कापूस काळा झाला तर ती स्लॅब सोडा. निवडलेल्या स्लॅबचा तुकडा मागून घरी आणा, एका टोकाला लिंबू पिळा, दुसऱ्या टोकाला हळद घातलेलं तेल टाका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुसून खूण उरली का ते पाहा.

कडप्पाही चुनखडीच, आंबटाने तोही करडा पडतो. पण तेलाचा हात फिरवला की पुन्हा काळा दिसतो, आणि सासूबाई ते वर्षानुवर्षं करत होत्या. फक्त त्याच्या कडांचे टवके निघतात.

मार्बल मुळात वाईट नाही. देवघरात लावा, पोळ्या लाटायला छोटा तुकडा ठेवा, थंड राहतो. घरात आंबट फारसं होत नसेल आणि गोल उमटलेले चालणार असतील तर ओट्यालाही लावा, पण मग पुसणारीला बोलायचं नाही. पॉलिश की लेदर फिनिश (चामड्यासारखा किंचित खडबडीत, कमी चकाकीचा), हे तुम्ही विचारलंय. लेदरवर ओरखडे आणि बोटांचे ठसे कमी दिसतात, पण त्याच्या खाचांत कणीक अडकते, म्हणून मी पॉलिशच घेतलं. आणि काकांना विचारा, ओट्यापाशी रोज उभं कोण राहतं? दगड तिला निवडू द्या.