एका जहाजातून उतरा, दुसऱ्यात चढा

प्रश्न : मी नाशिकरोडच्या प्रेसमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. अख्ख्या देशाचे पासपोर्ट आमच्याकडे छापले जातात, पण माझ्या आणि सौ.च्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबपलीकडे आम्ही बोटीत बसलेलो नाही. आता एजंटने सुचवलंय : सिंगापूरहून एका कंपनीचं चार रात्रींचं जहाज, पेनांग-फुकेत करून परत. ज्या सकाळी परत येऊ, त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं तीन रात्रींचं जहाज. "काका, एका विमान तिकिटात दोन क्रूझ," असं तो म्हणतो. मुलगा पुण्याहून ओरडतोय की दोन फेऱ्या करायच्याच तर एकाच कंपनीच्या करा, दोन कंपन्यांच्या भानगडीत पडू नका. सौ. शाकाहारी आहे, एकादशी-चतुर्थी धरते. कुणाचं ऐकावं?
— एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : एजंटचं गणित बरोबर आहे आणि मुलाची काळजीही. मी म्हणेन, दोन कंपन्या जरूर घ्या, पण मधे एक रात्र सिंगापूरच्या हॉटेलात काढा. त्याच दिवशी उडी मारू नका. आम्ही ती मारली होती, म्हणून सांगते.

मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे ते असं. एकाच जहाजाच्या लागोपाठ दोन फेऱ्या घेतल्या की बदलाच्या दिवशी तुम्ही पुढे जाणारे प्रवासी ठरता. केबिन तीच असेल तर सामान जागचं हलत नाही. केबिनचं नवीन कार्ड मिळतं, गरज असेल तर इमिग्रेशनपुरतं खाली उतरून परत वर यायचं. दोन कंपन्या घेतल्या की त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. पहिलीच्या लेखी तुमचा प्रवास संपलेला असतो आणि दुसरीच्या लेखी तो सुरूच झालेला नसतो. मधले सहा-सात तास तुमची जबाबदारी कुणाचीच नाही. पहिलं जहाज धुक्याने किंवा कुणी आजारी पडल्यामुळे उशिरा लागलं, तर दुसरं थांबणार नाही. त्याचे पैसे गेले. पुढच्या बंदरावर विमानाने गाठू म्हणाल, तर त्याला कंपनीची परवानगी लागते आणि खर्च आपला.

आता आमची गोष्ट. आमचं पहिलं जहाज रोमजवळच्या चिविटावेक्कियाहून निघून ग्रीसची बेटं आणि तुर्कस्तानातलं कुशादासी करून परत चिविटावेक्कियाला आलं. दुसरं त्याच बंदरातून, त्याच संध्याकाळी. शेवटच्या रात्री बॅगांना रंगीत टॅग लावून त्या केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी त्या टर्मिनलमध्ये रंगाप्रमाणे रांगेत मिळतात. साडेआठला आम्ही बॅगा घेऊन बाहेर. दुसऱ्या जहाजाच्या चेक-इनची आमची वेळ दीडची. बंदराच्या फुकट बसने लार्गो देल्ला पाचेच्या बस थांब्यावर आलो आणि चार बॅगा राखत बाकावर बसलो. एकजण गावात चक्कर मारणार, दुसरा राखणीला. घरून नेलेल्या दशम्या आठवडाभर पुरवून ठेवल्या होत्या, त्या तिथे संपल्या. रोम ऐंशी किलोमीटरवर, पण जाणार कसं, बॅगा घेऊन?

खरी गंमत पुढे. दुसऱ्या जहाजाच्या हमालाकडे बॅगा दिल्या. नवे टॅग लावलेले होते, पण आमच्या ह्यांनी एका बॅगेवरचा पहिल्या जहाजाचा जांभळा टॅग तसाच ठेवला होता. आठवण म्हणून. ती बॅग कुठेतरी बाजूला काढली गेली. केबिनमध्ये आली ती रात्री साडेनऊला, तोवर मी सकाळच्याच चुरगळलेल्या सलवार-कमीजमध्ये, बाकी सगळे नटूनथटून जेवायला. ह्यांची बॅग मात्र वेळेवर आली होती, हे लिहायलाच हवं. जुने टॅग कात्रीने कापा. आणि गोळ्या, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे बाहेर ठेवायच्या बॅगेत कधीच घालू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

तुमचं प्रकरण सिंगापूरचं, म्हणजे आमच्यापेक्षा सोपं. पण एजंटला आधी विचारा, दोन्ही जहाजं कुठल्या टर्मिनलवरून? तिथे दोन आहेत : २०१२ मध्ये सुरू झालेलं मरिना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं जुनं. मोठी जहाजं बहुतेक मरिना बेला लागतात. दोन्ही तिथलीच असली तरी एका दारातून उतरून शेजारच्या दारात शिरता येत नाही. आधी इमिग्रेशन करून सिंगापूरमध्ये यायचं, सामान घ्यायचं, मग परत चेक-इन, परत इमिग्रेशन.

म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे छापलेल्या कागदावर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. विमानाने आलात ती एक एंट्री, पहिल्या जहाजातून उतरलात ती दुसरी, दुसऱ्यातून उतरलात ती तिसरी. प्रत्येक वेळी सिंगापूरचं अरायव्हल कार्डही नव्याने ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती खोटी. यात एक मेख आहे. हे कार्ड पोहोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आतच भरता येतं, त्यामुळे चार रात्रींच्या सफरीचं कार्ड घरून भरून निघता येत नाही. जहाजावरचं इंटरनेट महाग. परतीआधीच्या शेवटच्या बंदरात उतरलात की आधी फोनवर ते भरा, मग फिरायला निघा. दुसऱ्या जहाजाचं ऑनलाइन चेक-इन मात्र नाशिकहून निघायच्या आधीच उरकून कागद छापून घ्या. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदललेत, त्यामुळे ते पैसे भरायच्या आठवड्यात सरकारी वेबसाइटवर बघा. (युरोपचा विचार करणाऱ्यांसाठी : आमचं जहाज कुशादासीला गेलं म्हणजे आम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेर पडून परत आत आलो. सिंगल एंट्री असती तर पहिल्याच जहाजावर चढू दिलं नसतं.)

काही जहाजांवर पासपोर्ट पहिल्याच दिवशी जमा करून घेतात. तो परत कधी आणि कुठल्या मजल्यावर मिळणार, हे आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर विचारून ठेवा. तुम्ही प्रेसवाले, पासपोर्ट हाताबाहेर गेला की जीव कसा होतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

जेवणाचं. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं हे दोन्ही कंपन्यांना वेगवेगळं, आधी, लेखी कळवा. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे वरणभात-पोळीची अडचण सहसा येत नाही. उपवासाचं मात्र कुणाला समजावत बसू नका. फळं, दही, उकडलेला बटाटा बुफेवर मिळतो, त्यावर भागवा. विजेची किटली, इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर यांतलं काही नेऊ नका. स्कॅनिंगमध्ये काढून घेतात, आणि तुमच्या बाबतीत हा सोहळा दोनदा होईल.

दोनदा होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सुरक्षा कवायत, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं याची तालीम. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून ३२ माणसं गेली, जहाजावरच्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हापासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घेणं सक्तीचं झालं. "आम्ही परवाच केली" हे चालत नाही, कारण तुमची जमायची जागा आता वेगळी असते. टिपाही दोन्हीकडे वेगळ्या. अमेरिकी कंपन्यांत माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर लावतात. तिकिटात धरल्या आहेत का, एवढं एजंटकडून लिहून घ्या.

मग एवढा खटाटोप करून दोन कंपन्या कशाला? कारण त्याशिवाय आपल्याला काय आवडतं ते कळत नाही. आमच्या पहिल्या जहाजावर रात्री बारापर्यंत डेकवर गाणी, पोरंटोरं, पिझ्झ्याला रांग. दुसरं लहान आणि शांत, दहा वाजता सामसूम. मला दुसरं आवडलं, ह्यांना पहिलं. दोन फेऱ्या एकाच जहाजावर केल्या असत्या तर दोघांपैकी एकाने सबंध पंधरवडा तोंड वाकडं केलं असतं. जे वाईट वाटतं ते वेगळंच. चार दिवसांत केबिन आवरणाऱ्या मुलाला तुमच्या सवयी कळतात, वेटर न सांगता बिनसाखरेचा चहा आणतो, आणि तेव्हाच उतरायची वेळ येते. दुसऱ्या जहाजावर परत पहिल्यापासून.

मुलाला आणखी एक सांगा. अमेरिकेत कधीकधी कायद्यामुळेच जहाज बदलावं लागतं. १८८६ च्या तिथल्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज प्रवाशाला एका अमेरिकी बंदरातून घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडू शकत नाही, मधे दूरच्या परदेशी बंदराला लागलं नसेल तर. सिएटलहून व्हँकूव्हर आणि तिथून पुढे अलास्कातलं सुअर्ड असं त्याच जहाजाने करता येत नाही, कारण व्हँकूव्हर 'दूरचं' धरत नाहीत. व्हँकूव्हरला जहाज बदललं की चालतं.

मधल्या रात्रीचं हॉटेल मेट्रोजवळ घ्या. मरिना साउथ पियर हे स्टेशन मरिना बे टर्मिनलला जवळ आहे. संध्याकाळी लिटल इंडियात गरम डोसा खा, बारीकसारीक कपडे धुऊन टाका, लवकर झोपा. तिथल्या मुस्तफा या मोठ्या दुकानात शिरू नका. शिरलात तर बॅगेचं वजन वाढेल आणि ती अजून एका जहाजावर चढवायची आहे.

प्रश्न : आम्हीही अशाच दोन लागोपाठच्या क्रूझवर जातोय. नाशिकची वाइन सोबत नेता येईल का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : कंपनीनुसार. रॉयल कॅरिबियनमध्ये चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची एक वाइनची बाटली नेता येते. काही कंपन्यांत एक थेंबही चालत नाही. जहाजावरच्या दुकानात घेतलेली दारू बहुतेक ठिकाणी शेवटच्या रात्रीच हातात देतात, म्हणजे ती दुसऱ्या जहाजाच्या दारात परत जमा. शिवाय मलेशियाहून सिंगापूरमध्ये येणाऱ्याला दारूवर ड्यूटीची सवलत नाही. तेव्हा नाशिकची बाटली पहिल्याच जहाजावर संपवा. फिरवून उघडायच्या झाकणाची घ्या आणि मुंबईच्या विमानात चेक-इनच्या बॅगेत टाका, जुन्या टॉवेलात गुंडाळून. साडीत गुंडाळू नका.