बीजिंगचे हुतोंग पायी बघायचे असतील तर

हुतोंग म्हणजे बीजिंगच्या जुन्या, अरुंद गल्ल्या. पहिल्यांदाच जाताय ना? मग नानलुओगूश्यांग या गाजलेल्या भागाच्या मुख्य रस्त्यावर वेळ घालवू नका, तिथे नुसती गर्दी आणि दुकानं. त्याला फुटणाऱ्या आडव्या गल्ल्यांत शिरा. जुने हुतोंग बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, कारण घरांची तोंडं दक्षिणेला. हे एकदा लक्षात आलं की हरवायची भीती उरत नाही.

चालताना दारांवर नजर ठेवा. चौकटीच्या वर लाकडी खुंट्या दिसतात. दोन म्हणजे बेताचं घर, चार म्हणजे बडं प्रस्थ. आत चौक, चारी बाजूंनी खोल्या, अगदी आपल्या वाड्यासारखं. पण उंबरठा ओलांडू नका. आत आता चार-पाच बिऱ्हाडं राहत असतात, सायकली आणि कोबीच्या राशींसकट. बऱ्याच घरांत संडास नाही, म्हणून गल्लोगल्ली सार्वजनिक आहेत. कागद आपला न्या.

गुगल मॅप्सवर विसंबू नका, आमॅप हे चिनी नकाशाचं ॲप घ्या. अलीपे या पैसे देण्याच्या ॲपला कार्ड निघण्यापूर्वीच जोडा. भाजीवालासुद्धा क्यूआर पुढे करतो. आणि कान उघडे ठेवा, विजेच्या स्कूटर मागून आवाज न करता येतात. (मी एकदा भिंतीला चिकटलोय.)

सकाळी सातला निघा. ज्यॅनबिंगच्या गाडीवर तव्यावर मुगाच्या पिठाचं धिरडं पसरतात, वर अंडं फोडतात. शाकाहारी असाल तर 'वो छर् सू' (मी शाकाहारी आहे) पाठ करा, आणि अंडं नको हे वेगळं सांगा.